किलोला शीग नसते

वन्स, तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि अलिबागच्या शेठचा निरोप आला. तोही समाचाराला आलेल्या माणसाबरोबर, एवढीसुद्धा लाज नाही. म्हणे, आक्का गेल्या, फार वाईट झालं. पण आता सगळं किलोवरच आहे, तर यंदापासून मासळी सुकवायच्या खळ्यावरची बोली नको, सुक्या जवळ्याचा दर मी अलिबागेतूनच कळवत जाईन. ओसरीवर बसलेल्या बायकांनी ते ऐकलं आणि सगळ्या एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. मी कोण? मी शाळेत दुसरीला शिकवणारी. सुकत टाकलेल्या मासळीला तुम्ही मला कधी धड हात तरी लावू दिलात? पण माझ्या तोंडातून निघून गेलं, "शेठला सांगा, शिमग्याला या. बोली इथंच होईल, आमच्या खळ्यावर." तो माणूस गेला आणि मग मला कळलं, मी काय बोलून बसले ते.

उद्या शिमगा आहे. उद्या तुमच्या जागेवर बसून मला बोली बोलायची आहे, आणि तुम्ही नाही. याला काय म्हणायचं? नेमकं आत्ताच जायचं होतं का?

मी रडत नाहीये. रडून झालं. आता मला नुसता राग येतोय, आणि तो तुमच्यावर आहे. सगळ्या कोळणींच्या वतीनं एकटीनं बोलायचं, पुढं पायली ठेवायची, व्यापाऱ्यानं तिच्यात सुपारी टाकली की पावसाळ्याच्या बेगमीचा सगळा जवळा त्या दरानं द्यायचा आणि मग जीव गेला तरी शब्द मोडायचा नाही. हे माझ्या सासूनंतर तुम्ही केलंत. तुमच्यानंतर कुणी करायचं ते सांगून जायला काय झालं होतं? एरवी तर तोंड बंद नसायचं.

मी या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, ही नणंद आपल्याला छळणार. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, खळ्यावर राज्य करणारी, आवाज असा की होडीवरच्या माणसानं वल्हं थांबवावं. आणि मी मुरुडला सातवी पास झालेली, नाकासमोर चालणारी. लग्नानंतर मला शाळेत नोकरी लागली तेव्हा घरात केवढं वादळ झालं! तुमच्या भावालासुद्धा ते पटत नव्हतं. घरची बाई शाळेत गेली तर मासळी कोण सुकवणार? तुम्ही चुलीपाशी बसल्या होतात, मान वर न करता म्हणालात, "तिच्या वाट्याची मासली मी सुकवीन. ती शाळंत जाईल. झालं?" झालं. त्यावर पुढं कुणाची बोलायची बिशाद नव्हती. मी तुमचे आभारसुद्धा मानले नाहीत. तुम्हीही मला तशी संधी दिली नाहीत, दुसऱ्याच दिवशी "मास्तरीन" म्हणून चिडवायला सुरुवात केलीत. ते शेवटपर्यंत. माझं नाव काय आहे ते तुम्हाला आठवत तरी होतं का, देव जाणे.

मग किलो आला.

शाळेत नवा तक्ता आला, मुलांना दशमान शिकवायचं फर्मान आलं, आणि आपल्या घरात भांडण आलं. मी रात्री जेवताना सांगायची, हजार ग्रॅम म्हणजे एक किलो, शंभर किलो म्हणजे एक क्विंटल, सगळं दहाच्या पटीत, नुसती शून्यं वाढवायची. तुम्ही भाकरी मोडता मोडता ऐकायचात. एकदा म्हणालात, "दोन चिपटी एक मापटा. दोन मापटी एक शेर. दोन शेर एक अधोली, दोन अधोल्या एक पायली. सगला दुप्पट नायतर अर्दा. का, ठाव हाय?" मी म्हटलं, जुनी पद्धत आहे म्हणून. तुम्ही हातातली भाकरी मधोमध मोडलीत. त्यातली अर्धी परत मोडलीत. "अर्दा करायला डोला पुरतो, गो. आता ह्या भाकरीचा दहावा भाग करून दाखव मना."

मी म्हटलं, "दहा बोटं आहेत ना आपल्याला?"

"बोटा मोजायला. वाटायला हात लागतो. हात दोन."

तुमचा भाऊ हसून हसून ठसकला. मला काही पटलं नव्हतं. अजून पटलेलं नाही. कारण तुमच्या त्या लाडक्या पायलीची खरी गोष्ट तुम्ही कधी मान्यच केली नाहीत. पायली तीच, पण व्यापारी विकत घ्यायला आला की दोन्ही हातांचा आडोसा करून वर डोंगर रचायचा, ती शीग; आणि तोच जवळा बाजारात विकायला बसला की मापावरून हात फिरवून सपाट. नाव एक, मापं दोन. घेणाऱ्याची पायली मोठी, देणाऱ्याची लहान. मी ओरडून सांगायची, वन्स, किलो कुणाच्याही हातात किलोच राहतो, शेठच्या आणि आपल्यासुद्धा! आणि तुम्ही नाक मुरडून एकच विचारायचात, "तुज्या किलोला शीग कुठं हाय?"

शीग नसते, म्हणूनच तर तो चांगला, असं मी म्हणायची. शीग नाही तर देणं कसलं, ती तर नुसती मोजणी, असं तुम्ही म्हणायचात. यावर आपण किती भांडलो! एकदा तर विहिरीवर भांडलो, पाणी भरायला आलेल्या बायका कळशा खाली ठेवून ऐकत उभ्या होत्या.

तो शिमगा आठवतो? मी शाळेतून आले तर तुम्ही ओसरीवर पान खात बसल्या होतात, पाय पसरून, मोठ्या तोऱ्यात. "बोली केली. तुज्या किलोत केली. आता तरी खूश?" मी खरंच खूश झाले, वन्स. मला वाटलं, एवढ्या वर्षांत एकदा तरी माझं ऐकलं. मग विचारलं, दर कसा काय बसवला? तुम्ही म्हणालात, दर मागल्या वर्षीचाच, थोडा चढवून, पायलीला. शेठनं तक्ता आणला होता. पायली म्हणजे चार शेर, चार शेर म्हणजे पावणेचार किलो. तेव्हा पावणेचार किलोला तो दर. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. पायली म्हणजे चार शेर हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मी विचारलं, "वन्स, चार शेर कशाचे?"

"कशाचे म्हंजे?"

"तांदळाचे की जवळ्याचे?"

तुम्ही पान चावायचं थांबलात. मला अजून तुमचा तो चेहरा दिसतो. मी सांगायला लागले की पायली जागा मोजते आणि किलो भार मोजतो, जागेचा भार करायचा तर आत काय भरलंय ते आधी विचारावं लागतं, तक्ता काढणाऱ्यानं दाणा धरला असणार, आपला जवळा तर कुरमुऱ्यासारखा हलका... पण तुम्ही ऐकतच नव्हतात. उठून आत गेलात, पायली तांदळानं भरलीत, उचललीत. रिकामी केलीत, जवळ्यानं भरलीत, उचललीत. तिला तशीच हातात धरून उभ्या राहिलात.

"मास्तरनी, तो एका पायलीच्या दरात चार पायल्या नेनार की गो."

ही चूक आपल्याकडेच व्हावी. धान्यवाल्याची झाली नसती, त्याच्या पायलीत चार शेर खरेच बसतात. तांदळावरून मापाला शेर म्हणायची सवय लागली, आणि जवळा मापतानासुद्धा तोंडात चार शेरच राहिले. त्याचं वजन कुणी कधी केलंच नव्हतं, करायची गरजच पडली नव्हती. तुमच्या भावानं सांगितलं, उद्या अलिबागला जा आणि सांग की चूक झाली. तुम्ही अशा काही बघितलंत त्याच्याकडे! "बोली मी मोडत नाय. आईनं मोडली नाय, मी मोडत नाय." आणि खळ्यावरच्या बायकांचं काय? कुणाच्या घरावर पावसाआधी कौलं घालायची होती, कुणाचं जाळं फाटलं होतं, सगळ्यांचा वर्षाचा आधार तो जवळा. तो जवळजवळ फुकट जाणार होता, तुमच्या शब्दापायी. तुम्ही दोन दिवस धड जेवला नाहीत. मी तुम्हाला घाबरलेलं तेवढं एकदाच पाहिलं.

माल उचलायला शेठ आला तेव्हा त्यानं नवी कोरी तागडी आणली होती, सरकारी शिक्क्याची वजनं, आणि तो तक्ता, गुंडाळी करून काखेत. मी त्या दिवशी शाळेला रजा टाकली. तुम्ही खळ्याच्या मधोमध बसल्या होतात आणि समोर पायली. तुम्ही विचारलंत, "शेठ, बोली काय झाली?"

"पायलीला ठरला तो दर, आक्का."

"सुपारी कशात टाकलीस?"

"ह्याच्यात." त्यानं पायलीकडे बोट केलं.

"मग बोली ह्या पायलीवर झाली. तुज्या तक्त्यावर सुपारी नाय पडली." तुमचा आवाज चढला. "ही पायली जवल्यानं भरंल तेवढा माल त्या दराला. मी शब्द मोडत नाय. तू मोडतोस का, सांग सगल्यांसमोर!"

शेठ हुशार. म्हणाला, आक्का, मापानं विकायला बंदी आहे, वजनमापांच्या साहेबाला कळलं तर तुमची पायली जप्त होईल आणि वर दंड. आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत! आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्या खळ्यासमोर, तुम्ही माझ्याकडे उत्तर मागितलंत.

मी म्हटलं, "विकू नका ना मापानं. कायदा पाळूया. पायली एकदाच भरायची, तागडीत ओतायची आणि बघायचं, जवळ्याची पायली म्हणजे किती किलो. मग पुढचा सगळा माल किलोवर घ्या. मापाचं वजन करून बघायला कुठल्या साहेबाची बंदी आहे?"

बायकांनी एकच गलका केला. तुम्ही पायली भरलीत, वरून हात फिरवून सपाट केलीत आणि ओतलीत. दुसऱ्या पारड्यात मी किलोचं वजन ठेवलं होतं. जवळ्याचं पारडं वरच राहिलं. शेठ म्हणाला, "माझ्या बापापासून शीग लावूनच घेतो आम्ही." तुम्ही म्हणालात, "बरं झालं बोललास," आणि परत भरलीत, या वेळी त्याच्या बापासारखी शीग लावून, दोन्ही हातांचा आडोसा करून. ओतलीत. तागडी हलली, डुलली आणि सरळ झाली. शीग लावलेली जवळ्याची पायली, एक किलो. पावणेचार नव्हे. एक.

शेठनं तक्ता परत काखेत घातला. माल त्यानं नेला, त्याच दरानं, किलोला. तुमचा शब्द राहिला आणि बायकांच्या जवळ्याचं मोलही राहिलं.

तो लबाड होता की नुसताच अडाणी, यावर मात्र आपलं कधी जमलं नाही. तुम्ही म्हणायचात, पक्का चोर. मी म्हणायची, तक्त्यावर आंधळा विश्वास ठेवणारा माणूस, असे शाळाखात्यातही पुष्कळ आहेत. आता त्याचा हा निरोप आल्यावर वाटतं, तुमचं बरोबर असावं. एवढंच मान्य करते. याहून जास्त नाही.

कारण त्याच संध्याकाळी तुम्ही मला डिवचलंतच, "बघ, तुज्या किलोत माजी शीग बसली." मी म्हटलं, बसली ना? मग आता वर परत शीग नको! पण तुम्ही कुठल्या ऐकायला. बाजारात बसलात, तागडी घेतलीत, वजनं घेतलीत, किलो अगदी काटेकोर करायचात, आणि मग गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरून एक मूठ. दर खेपेला. शेठला मात्र नाही, त्याला त्या दिवसानंतर दाणाभरही जास्त दिला नाहीत. मी तुमच्याशी किती डोकं फोडलं! वन्स, अहो, ते एक किलो आणि एक मूठ झालं. उद्या दुसरी बाई लहान मूठ घालेल, तिसरी मोठी, मग आपण किलो आणला कशाला? पुन्हा जिथं होतो तिथंच! तुम्ही शांतपणे म्हणायचात, "किलो सरकारचा. मूठ माजी." याला काय उत्तर द्यायचं? मी शोधत होते. मी खरंच शोधत होते, आणि तुम्ही मध्येच उठून गेलात.

शेवटी शेवटी तुमचा आवाज गेला होता, नुसते ओठ हलायचे. त्याही अवस्थेत मी औषध पाजताना तुम्ही चमच्याकडे बघून काहीतरी पुटपुटलात. मी कान नेला. तुम्ही विचारत होतात, "हे किती ग्रॅम?" चेष्टा करत होतात माझी. मी बाहेर जाऊन पडवीत रडले, आणि परत येऊन तुमच्यावर ओरडले की औषध पातळ आहे, ते मिलीलिटरमध्ये मोजतात. तुम्ही हसलात. तुमची ती थट्टा शेवटची ठरणार हे मला कळलं असतं तर मी ओरडले नसते. नाही, खोटं कशाला बोलू. ओरडलेच असते.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज बोली झाली.

शेठ आला. येणार नाही असं वाटलं होतं, पण आला. मी तुमच्या जागेवर बसले. बायका मागं उभ्या होत्या, तुमचा भाऊ लांब होडीपाशी उगाच दोर गुंडाळत होता. पायली मी पुढं ठेवली, आणि तिच्यात किलोचं वजन ठेवलं. वादात पडायचं नाही म्हणून दोन्ही. शेठ म्हणाला, "बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला सांगायला नको. बोलीची गरज काय? दर बाजार ठरवतो." मी म्हटलं, "बाजार म्हणजे आम्हीसुद्धा. बोला."

तो दर पाडून बोलला. मी चढवून बोलले. माझा आवाज तुमच्यासारखा नाही, चिरकतो. चिरकू दे म्हटलं. एकदा तर तो उठून चालायला लागला. मागून कुणीतरी माझा खांदा दाबला, सोड म्हणून. मी नाही सोडलं. मी म्हटलं, "जा शेठ. रेवसला गाडी भरून पाठवू, तिथून लाँचनं भाऊच्या धक्क्याला. आमचा जवळा मुंबईलाही खातात." तो परत बसला. मी ठरवला होता त्याच्या किंचित खाली दर ठरला, पण खळ्यावर ठरला. शेठनं सुपारी काढली आणि टाकायच्या आधी म्हणतो कसा, "आक्का वरून मूठ घालायच्या. ती धरून, बरं का."

वन्स, मला असा संताप आला! मी म्हटलं, "ती मूठ हक्काची नव्हती शेठ. आणि तुम्हाला तर कधीच नव्हती. किलो घ्या, बरोबर किलो. टाका सुपारी." त्यानं टाकली. किलोच्या वजनावर आपटून पायलीत पडली, खण्णकन आवाज आला. बायका ज्या ओरडल्या, तुम्ही असतात तर तुमचाही आवाज त्यात बुडाला असता. नाही, तुमचा नसता बुडाला.

शेठ गेल्यावर आगरदांड्याची ती म्हातारी आली, दर वर्षी पावसाच्या बेगमीला तुमच्याकडूनच न्यायची ती. तुम्ही गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. सांगितलं तशी खाली बसली. मग एक किलो जवळा मागितला. मी तागडी धरली. एक काडी इकडे नाही, एक काडी तिकडे नाही, असा किलो केला आणि तिच्या पिशवीत ओतला. शाळेत शिकवते तसा. ती पिशवी मिटेना. तोंड उघडं धरून तशीच उभी.

मी मूठ घातली. माझं मत बदललं म्हणून नव्हे, हे नीट ऐका. वाद जिथं होता तिथंच आहे, आणि मी तो सोडलेला नाही. पण घातली. म्हातारीनं पिशवीत वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पिशवी तरीही उघडीच. मला आधी कळेना. मग कळलं, आणि मी आणखी एक मूठ घातली. तेव्हा तिनं मान हलवली आणि पिशवीला गाठ मारली.

तर वन्स, एवढं एक रूपांतर कुठल्याच तक्त्यात नाही. तुमची एक मूठ म्हणजे माझ्या दोन.